खांबाभोवतीचा फेर

माधव नगरच्या बागेत यंदा वसाहतीच्या समितीने मधल्या खांबावर चार भोंगे चढवले आणि मंगलाकाकूंच्या भोंडल्याचा जीव गुदमरला. पाच वाजले की भजनं, मग साड्यांच्या सेलची जाहिरात, मग पुन्हा भजनं. भोंडल्यात गाणी हवीतच, पण खरी गंमत खिरापत ओळखण्याची. डबा हलवायचा, कान देऊन ऐकायचं आणि आत काय दडलंय ते सांगायचं. पहिल्या दिवशी डबा हलवून हलवून काकूंचा हात भरून आला. पोरींना काही ऐकूच येईना. शेवटी नातीने, इशिताने, सरळ झाकणच उघडलं.

समितीचे सचिव सुहास यांनी त्यावर भारीच तोड काढली. काकूंना माइक आणि मोठा स्पीकर देऊ केला, आणि काकूही भुलल्या. दुसऱ्या दिवशी दोन आवाज एकमेकांच्या उरावर बसले, बाकांवरचे म्हातारे उठून घरी गेले. मग सुहास म्हणाले, पलीकडे फ्रीगंज पेठेत हॉल आहे, बायकांनी तिकडेच जावं, उद्या काय ते कळवा. बायका कबूलही होऊ लागल्या. काकूंना ते पटेना. ज्या मातीवर चाळीस वर्षं फेर धरला, ती सोडून आता दारं लावून गायचं?

तिसऱ्या दिवशी काकूंनी आधी आपलाच माइक गुंडाळून ठेवला. मग खांबावरची बटणांची पेटी उघडली आणि भोंग्यांचा खटका खाली ओढला. चौकीदार दिलीप धावत आला.

"माताजी, बंद करने का ऑर्डर नहीं है."

"और चालू करने का किसका था?"

दिलीप सुहासना बोलवायला पळाला.

काकूंनी पेटीखाली पाट मांडला, त्यावर तांदळाचा हत्ती काढला, हळदकुंकू वाहिलं. सुनेला म्हणाल्या, "गौरी, खांब मधे घे. धर फेर."

अकरा बायका, सात पोरी. बिनमाइकचं गाणं आधी तोकडं वाटलं, मग हळूहळू बागेच्या कडेच्या चिंचेपर्यंत पोचलं. परतणारे पोपटही ऐकू आले. डबा हलला, आत खसखस, सरसर झालं. बाकावरच्या एका मालवी आजोबांनी पोरींच्या आधीच सांगून टाकलं, "सेव-परमल." डब्यात खरंच शेव-कुरमुरे होते. पोरी हसून लोळल्या.

सुहास तणतणत आले, पण फेराबाहेरच थांबले. पेटीशी जायचं तर गुंफलेले हात सोडवून पूजेच्या पाटावर पाय द्यावा लागला असता.

"काकू, भोंगे लावायचा समितीचा ठराव आहे. उद्या पेटीला कुलूप लावतो."

"लाव की. खटका खाली ठेवून लाव."

"आणि नाही ठेवला तर?"

"तर कुलूप फोडीन. उद्या फोडीन, परवा फोडीन. भोंडल्याच्या सोळातले तेरा दिवस अजून आहेत माझ्याकडे, सुहास. पुढे वर्षभर मी रिकामीच आहे."

सुहासनी पोलिसांना फोन लावला आणि भोंग्यांच्या सवयीने ओरडून बोलू लागले. अख्खी बाग वळून त्यांच्याकडे बघू लागली. त्यांनी आवाज खाली आणला.

काकूंनी पुढचं गाणं उचललं.