प्रेमलताचं गाऱ्हाणं

"काडकन आवाज येवक व्हयो होतो मां?" लवूनं खुर्चीवरूनच मान लांब करून विचारलं.

डॉक्टर तुबाचे दोन्ही हात त्याच्या बायकोच्या, प्रेमलताच्या, मानेवर होते. तुबा हसली. "आवाज हवा तर फटाक्यांच्या दुकानात जा. इथे नाही मिळत."

लवू ओशाळला. हाडवैद्यानं एकदा त्याचा खांदा बसवला होता तेव्हा खोलीभर आवाज झाला होता, त्यामुळे आवाज म्हणजेच इलाज अशी त्याची पक्की समजूत. तुबा कुडाळचीच मुलगी. दक्षिण आफ्रिकेत काकांकडे राहून मणक्यांचं शास्त्र शिकून आली होती. बाहेरच्या फलकावरचं 'कायरोप्रॅक्टिक' कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून लोकांनी तिला मानेची डॉक्टरीण करून टाकलं.

"दुखायला लागतं तेव्हा नेमकं काय होतं?" तुबानं विचारलं.

प्रेमलता गांगरली. हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "आधी डोळ्यांफुडे वीज नाचता. मगे एका बाजून कोण घण घालता तसा. उजेड नको वाटता, बोलणा नको वाटता. ओकारी येता. आणि..." तिनं नवऱ्याकडे पाहून आवाज खाली आणला, "म्हावऱ्याचो वास सोसणा नाय."

"आयकलास?" मासळी विकणाऱ्या बायकोला मासळीचाच वास सोसेना, म्हणून लवू खो खो हसला. "गाबतिणीक म्हावऱ्याचो वास येता!"

तुबा हसली नाही. "येणारच. ही अर्धशिशी आहे. वास, उजेड, आवाज, सगळं टोचतं हिच्यात. ताई, हा आजार आहे. खराखुरा आजार."

प्रेमलताच्या डोळ्यांना धार लागली. मासळीबाजारात भल्याभल्यांकडून भाव वाजवून घेणारी ही बाई, रडणं तिच्या रक्तात नाही. पण लग्न होऊन तारकर्लीत आल्यापासून तिला ढोंगी म्हटलं होतं, नाटकी म्हटलं होतं, बाधा झालेली म्हटलं होतं. आजारी मात्र आज पहिल्यांदाच कुणी म्हटलं.

"मान दगड झालीय तुमची," तुबा म्हणाली. "ती मी हळूहळू सैल करीन, झटका न देता. पण खोटं सांगणार नाही. मान मोकळी झाली म्हणून अर्धशिशी मुळासकट जाईल असं नाही. कदाचित कमी वेळा येईल. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना दाखवा, ते गोळी देतील, ती दुखणं सुरू होताच घ्यायची. उपाशीपोटी उन्हात फिरायचं नाही. आणि डोक्यावरचं मासळीच्या पाटीचं ओझं बंद."

"मगे ही म्हावरां इकतली कशी?" लवू घाबरला.

"ते तुम्ही दोघं ठरवा."

"ठरला," प्रेमलता डोळे पुसत म्हणाली.

घरी सासू जानकी, या वयातही पाटी घेऊन बाजारात जाणारी, उंबऱ्याशी बसून बांगडे साफ करत होती. डोक्यावर पाटी घ्यायची नाही हे ऐकताच तिनं सुरी खाली ठेवली.

"आमच्या माथ्यार काय कापूस होतो? आमी नाय पाट्यो व्हायल्यो? ह्या दुखणा नाय, ही बाधा आसा. उद्या देवळात गाऱ्हाणा घालूया, आणि मगे हरिश्चंद्र घाडी डाग देतलो. कानशिलार तापलेली सळी टेकली की सगळा पळता."

"डाग मी घेवचंय नाय, आये."

"तुका इचारता कोण?"

बोलता बोलता जानकीनं पदर कपाळावर ओढून घेतला. तिच्या डाव्या कानशिलावर एक जुना, वाटोळा व्रण होता. लहानपणी तेल उडालं, असं ती सांगायची. लवू दोघींच्या मध्ये सापडला होता, म्हणून त्यानं जाळं पुढ्यात ओढलं आणि नसलेली भोकं शिवायला घेतली.

सकाळी ग्रामदेवतेच्या देवळात घरचे आणि शेजारचे जमले. गावाच्या वतीनं देवाशी बोलणाऱ्या घाडी हरिश्चंद्रानं देवापुढे नारळ ठेवला. बाजूला शेगडीत सळी तापत होती. प्रेमलताला ती दिसत होती, आणि ती दिसावी म्हणूनच तिथे ठेवली होती. हरिश्चंद्रानं हात जोडून सूर लावला.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकरान आज नारळ ठेवलो हा. हिच्याकडना काय चूकभूल झाली असात, खंय वाटेर काय वलांडला असात..."

"माज्याकडना चूक झाली नाय!"

सगळ्यांच्या माना वळल्या. गाऱ्हाणं पुरुषानं घालायचं, बायकांनी मागं उभं राहून फक्त 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, ही आजवरची रीत. प्रेमलता मागून चालत पुढे आली आणि नारळासमोर उभी राहिली.

"बा देवा म्हाराजा, मी खंय काय वलांडूक नाय, कोणाचा काय खावक नाय. माका अर्धशिशी आसा. तिका नाव आसा म्हाराजा! आजपासून मी डोक्यार पाटी घेवचंय नाय. रिक्षेत घालून नेतलंय, बाजारात बसान इकतलंय. दुखाक लागला की काळोखात निजतलंय, आणि तेची लाज धरूचंय नाय. माज्या कानशिलाक कोणी सळी लावूक इलो, तर तेचो हात जागेर रवाचो नाय. आणि जे माका ढोंगी म्हणतत, तेंका एक दिस, एकच दिस, माजा डोक्या दी म्हाराजा!"

सगळे घाड्याकडे बघू लागले. हरिश्चंद्राची मोठी पंचाईत झाली. देवासमोर घातलेलं गाऱ्हाणं मोडता येत नाही, आणि 'व्हय म्हाराजा' आल्याशिवाय ते पुरंही होत नाही. एकजण पुटपुटला, "बायल माणूस गाऱ्हाणा घालता?" लवू तोंड उघडून पुन्हा मिटत होता.

"व्हय म्हाराजा," मागून आवाज आला.

जानकी होती. डोळे मिटलेले, हात जोडलेले.

मग लवूला कंठ फुटला. "व्हय म्हाराजा!" तो एवढ्यानं ओरडला की उरलेल्यांना म्हणावंच लागलं. हरिश्चंद्रानं शेगडीकडे पाहिलं, जानकीकडे पाहिलं आणि तांब्यातलं पाणी निखाऱ्यांवर ओतलं.

परतताना माडांखालून सासूसुना पुढेमागे चालल्या होत्या. बरंच अंतर गेल्यावर जानकीनं न वळताच सांगितलं, "ता तेल नाय उडाला होता."

प्रेमलता थांबली.

"माज्या सासून धरल्यान. हेच्या बापाशीन डाग दिल्यान, हरिश्चंद्राच्या."

"मगे दुखणा थांबला, आये?"

"नाय गो. सांगूचा सोडलंय."

दुसऱ्या दिवशी रिक्षा दारात आली तेव्हा प्रेमलतानं आपली पाटी रिक्षात ठेवली, आणि काही न बोलता सासूचीही उचलून शेजारी ठेवली. जानकी कुरकुरत आत बसली. रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला म्हातारीचा हात सवयीनं वर जायचा, डोक्यावरची पाटी सावरायला. पाटी पायाशी होती. मग एकदा वर गेलेला तो हात बाजार येईपर्यंत तिनं खाली घेतलाच नाही, तसाच पिकल्या केसांवर ठेवून बसली.