मुदत सोमवारी संपते

मॅनेजर गोड बोलायला लागला तेव्हाच मी सावध झाले. एरवी पतसंस्थेत गेलं की हा माणूस मान वर करून बघायलासुद्धा वेळ लावतो. त्या शुक्रवारी त्याने चहा मागवला, बिस्किटं मागवली, पंखा माझ्याकडे वळवला आणि म्हणाला, "मॅडम, ट्रस्टची ठेव सोमवारी संपतेय ना? परत इथेच ठेवा. तुम्हाला म्हणून दीड टक्का जास्त देतो."

माझी उभी हयात बँकेत गेली. निवृत्त झाल्यावर पंचक्रोशीच्या ट्रस्टची गुंतवणूक आणि मदतवाटप माझ्या गळ्यात पडलं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. ज्याची तिजोरी भरलेली आहे तो असा दीड टक्का उधळत नाही, एवढं मला कळतं. "कळवते," म्हणाले आणि अर्धा चहा टाकून उठले.

ती ठेव साधीसुधी नव्हती. ट्रस्टची मूळ रक्कम निरनिराळ्या ठिकाणी सुरक्षित आहे, तिच्या व्याजातून आम्ही फी, औषधं, व्हीलचेअर असं देत असतो. पण ही रक्कम डायलिसिसच्या खोलीसाठी लोकांकडून मागून जमवलेली होती. आमच्याकडच्या पेशंटना आठवड्यातून तीनदा बस पकडून लांबच्या हॉस्पिटलात जावं लागतं, आणि परत येताना त्यांची अवस्था बघवत नाही. मशिनं गुरुवारी येणार होती आणि पैसे हातात पडल्याशिवाय कंपनी ती गाडीतून उतरवणार नव्हती.

तशीच ट्रस्टच्या ऑफिसात गेले. आमच्या अध्यक्ष निवृत्त डॉक्टर आहेत, सगळे त्यांना डॉक्टरीणबाई म्हणतात. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ऑडिटरही तेच म्हणत होता. पतसंस्थेने सहा महिने हिशेबच दिलेले नाहीत. सोमवारी मुदत संपली की आपली रक्कम बँकेत वळती करून घ्या. ती आली की त्याच मिनिटाला मी तपासणी खात्याला कळवते. तोवर हे तुमच्यात आणि माझ्यात."

"आणि बाकीच्यांचं काय? अर्ध्या गावाच्या ठेवी आहेत तिथे."

"बभ्रा झाला तर दुपारपर्यंत शटर खाली. मग ना त्यांना काही मिळणार, ना आपल्याला. तपासणीवाले आले तर निदान उरलेलं नीट वाटतील."

पटलं. आवडलं अजिबात नाही. पण मी शब्द दिला.

शनिवारी सकाळी माझा धाकटा भाऊ केकचा खोका घेऊन दारात उभा. बारक्या म्हणतो आम्ही त्याला, आता वजन नव्वद किलो असलं तरी. फोटोफ्रेमचं दुकान चालवून त्याचे गुडघे गेले होते, डोळे अधू झाले होते.

"ताई, दुकान विकलं गेलं एकदाचं! पैसे खात्यात आलेत. सोमवारी सगळे पतसंस्थेत टाकतो. व्याजावर आम्ही दोघं आरामात जगू."

केक कापायला घेतलेली सुरी मी बाजूला ठेवली. "तिथेच का रे?"

"म्हणजे काय? तुझा ट्रस्ट तिथे ठेवतो ना! मी हिला म्हटलं, ताई डोळ्यांत तेल घालून बघते, आपण कशाला डोकं चालवायचं?"

आता याला सांगायचं कसं? बारक्याच्या पोटात काही राहत नाही. माझं लग्न ठरल्याची बातमी घरातल्यांच्या आधी यानेच शाळाभर केली होती. भावजय तर त्याच्या वरताण. याला एक वाक्य सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं असतं. न सांगावं तर याचा म्हातारपणाचा घास जाणार.

"बँकेत ठेव," मी म्हटलं. "व्याज कमी, पण बरं असतं."

"वा गं! स्वतः तिथे ठेवणार आणि मला बँक दाखवणार!"

मग कुठून सुचलं कोण जाणे, मी बोलून गेले. "बारक्या, ते पैसे मला दे. पंधरा दिवसांसाठी."

त्याचं हसू गेलं. "सगळे?"

"सगळे. आणि काही विचारू नकोस."

त्याने खरंच काही विचारलं नाही. केक तसाच राहिला. जाताना दारात त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा त्याच्या मनात काय आलंय ते मला कळलं. लोकांचे पैसे सांभाळणारी बहीण अचानक एवढी मोठी रक्कम मागते, त्याचा अर्थ दुसरा काय होणार? लाज वाटली. पण दोनच दिवसांचा प्रश्न, सोमवारी संध्याकाळी सगळं सांगू आणि पोट धरून हसू, असं मी स्वतःला समजावलं. दिलेला शब्द मोडला नव्हता, भाऊही वाचला होता. माझ्याच हुशारीवर मी खूश होते.

सोमवारी पतसंस्थेचं दार उघडताच मी मॅनेजरच्या केबिनमध्ये अर्ज ठेवला. या वेळी चहा नाही. "मोठी रक्कम आहे, बाहेरून मागवावी लागेल," तो म्हणाला. "दुपारपर्यंत करतो." पोच घेऊन मी ऑफिसात आले आणि डॉक्टरीणबाईंच्या शेजारी कॉम्प्युटरसमोर बसले. दर थोड्या वेळाने ट्रस्टचं खातं उघडून बघायचं, रक्कम आलेली नसायची, परत बंद करायचं. मध्येच डायलिसिसच्या खोलीतून सिस्टरचा फोन आला. नळजोडणी पूर्ण झाली म्हणे, मशिनं कधी येतात? "गुरुवारी," मी म्हटलं. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

तेवढ्यात बारक्या आत आला. छातीशी कापडी पिशवी. माझ्याकडे न बघता तो सरळ डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन उभा राहिला.

"मॅडम, ताईच्या हातून काही चूक झाली असेल तर जेवढे गेले तेवढे यातून भरून घ्या. पोलिसांत नका जाऊ. ती तशी नाही हो."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. "यांना काय सांगितलंत तुम्ही?"

"काहीच नाही. पैसे मागितले फक्त."

त्यांच्या सगळं लक्षात आलं. त्यांनी बारक्याला बसवलं, पाणी दिलं. तो पिशवी उघडून दाखवायला लागला. "हा दुकानाच्या पैशांचा चेक. आणि ही रोकड."

"रोकड कुठली?" मी विचारलं.

"पतसंस्थेत आमची जुनी ठेव होती. सकाळी मोडली. तू कधी पूर्ण सांगत नाहीस, ताई. एवढे मागितलेस म्हणजे जास्तच गेले असणार. तू केबिनमध्ये होतीस, मी खिडकीवर होतो. तुला दिसू नये म्हणून खांबाआड झालो."

"कॅशियर काही बोलला?"

"का काढताय म्हणाला. मी काय सांगणार? रडूच आलं मला. सगळे द्या, विचारू नका म्हटलं. रांगेतले सगळे ओळखीचेच. ताईने काढायला सांगितले का, म्हणून मागे लागले. मी तोंडातून शब्द काढला नाही, शपथ. मान खाली घालून निघून आलो."

जन्मात पहिल्यांदा बारक्या गप्प बसला होता.

माझा फोन वाजला. मॅनेजर होता. "मॅडम, रांग रस्त्यावर गेलीय. होतं नव्हतं ते खिडकीवरच संपलं. मी शटर ओढतोय."

"आणि आमची रक्कम?"

"नाही होणार," म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी तपासणी खात्याला फोन लावला, जेवढ्यास तेवढं बोलल्या, आणि मग मला म्हणाल्या, "आता सांगा तुमच्या भावाला."

मी सांगितलं. बारक्या ऐकत होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता.

"म्हणजे मशिनांचे पैसे... माझ्यामुळे?"

"नाही रे. माझ्यामुळे."

मग त्याने ती पिशवी टेबलावरून माझ्याकडे सरकवली. "मग हे घे ना. तुझ्यासाठीच आणलेत. मशिनं तरी येऊ देत."

मी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. "छे, ते तुमचे आहेत," असं त्या म्हणतील म्हणून थांबले. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

शेवटी मीच पिशवी उचलली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. खरं सांगते, मला ती परत द्यायची नव्हती.