शेवटच्या स्लाइडवरची तिसरी ओळ

साहेबांना हिंदी येते. गाडीत येते, धाब्यावर येते. सभेत येत नाही. सभेत ते इंग्रजी बोलतात, म्हणून कंपनीला मी लागते.

मी मंजुश्री. माहेर हेच गाव, हुलसूरच्या जवळ. आधी बीदरजवळच्या कोळारच्या एका गोदामात दिवसभर उभी राहून खोके बांधायचे. आता बोलते. जमिनीखालचं तेल आणि गॅस शोधणाऱ्या कंपनीचं इंग्रजी मी मराठीत सांगते, मग कन्नडात.

आज आढावा आहे. बीदर आणि कलबुर्गीच्या सीमेवर कंपनीनं गेल्या काही वर्षांत कुठं सर्व्हे केला, कुठं बोर मारला, काय सापडलं, ते गावाला सांगायचं. समाजमंदिराला एकच दार. उंबऱ्यावर राजूबाई बसलीय, माझी चुलती. तिला आत गुदमरतं, म्हणून ती दारात बसते. तिला ओलांडून कुणी जात नाही.

गाडीतून उतरायच्या आधी साहेब म्हणाले, शेवटच्या स्लाइडवरची तिसरी ओळ सांगू नका. अजून पक्कं नाही. लोक उगाच घाबरतील.

तिसरी ओळ मी वाचलेली आहे.

*

स्लाइड: नकाशा, त्यावर लाल रेघा.

साहेब बरंच बोलतात.

मी सांगते: "सर्व्हे झाला. तुमच्या तुरीतनं वायरी गेल्या, भोकांत सुरुंग उडवले. जमीन हलली, त्यावरून खालच्या थरांचं चित्र मिळालं."

"चित्र त्येंना मिळालं," अंकुशराव म्हणतात. पुढच्या रांगेत, मांडी घालून. "माझ्या भिंतीला भेग मिळाली."

लोक हसतात. साहेब मला विचारतात, काय म्हणाले?

त्यांना सर्व्हे चांगला आठवतो, मी इंग्रजीत सांगते.

स्लाइड: थर. वरचा काळा, जाड. खालचे पिवळे, करडे.

"वर आपला काळा दगड. तो फोडून खाली गेलं की जुने थर. तेल-गॅस असला तर तिथं."

"असला तर," चनमल्लप्पा म्हणतात. हे किराणा दुकानवाले. मराठीत भाव करतात, कन्नडात उधारी नाकारतात. "मग त्यो फोडल्यावर पुन्हा कोण शिवणार, अव्वा?"

हे मी सांगते. साहेब हसून मान डोलावतात. उत्तर देत नाहीत, म्हणून मला काही सांगावं लागत नाही.

स्लाइड: माळावरचं लोखंडी मचाण, दिव्यांनी लखलखलेलं.

"पहिला बोर माळावर मारला. थोडा गॅस लागला. विकण्याइतका नाही."

फोटो सुंदर आहे. बोर चालू होता तेव्हा गावआडाचं पाणी गढूळ यायचं. गावआड म्हणजे गावची पिण्याची विहीर, दुसरी नाही. बाया फडकं बांधून घागरी भरायच्या. कंपनी म्हणाली, बोरचा संबंध नाही. तेही मीच सांगितलं होतं, दोन भाषांत.

स्लाइड: पुढे काय. ही शेवटची.

पहिली ओळ. "माळावरचा बोरच्या चिखलाचा खड्डा बुजवणार."

दुसरी ओळ. "माळाची जमीन गावाला परत देणार."



चौथी ओळ. "सहकार्याबद्दल आभार."

मी सोडलेल्या मोकळ्या जागेत काय आहे ते पडद्यावर इंग्रजीत आहे, सगळ्यांच्या समोर: *दुसरा बोर, गावआडाच्या पूर्वेला.*

*

कुणी उठत नाही.

"म्हंजे पुन्हा बोर न्हाई?" अंकुशराव विचारतात. गावआडाच्या पूर्वेला त्यांचंच रान आहे.

साहेब म्हणतात, सध्या जाहीर करण्यासारखं काही नाही.

मी: "सध्या जाहीर करण्यासारखं काही नाही."

"हे व्हय म्हणायलीस का न्हाई म्हणायलीस?"

साहेबांकडं बघावं तर ते पाण्याची बाटली उघडायलेत.

"न्हाई," मी म्हणते.

हे साहेबांचं नव्हतं. एवढाच शब्द आज माझा होता.

"झालं की मग," अंकुशराव म्हणतात. "राजूअक्का, ताट आण."

*

ताटाबद्दल.

आमच्याकडं बांध ठरला, सोयरीक ठरली, की मैलार मल्लण्णाचा, म्हणजे खंडोबाचा, भंडारा आणतात. ताटात हळदीचा ढीग, वर बेलाचं पान. बोलणाऱ्यानं ते मुठीत उचलायचं आणि बोललेलं पुन्हा बोलायचं. उचलून खोटं बोललेलं माणूस मला माहीत नाही. ऐन वेळी न उचललेली माहीत आहेत. त्यांना कुणी काही करत नाही. फक्त पुढं कशात विचारत नाहीत.

राजूबाईनं ताट आणायला जावं, तेवढ्यात दार मोकळं होईल, असं माझ्या मनात आलं. पण ताट तिच्या मांडीमागंच होतं. झाकलेलं. म्हणजे हे घरून ठरवून आले होते.

"आम्ही इष्टलिंग तळहातावर घेऊन बोलतो," चनमल्लप्पा शेजाऱ्याला म्हणतात. "हे भंडारा घेतात. कंपनी काय घेती?"

"रान," शेजारी म्हणतो.

ताट माझ्यासमोर येतं. साहेब इंग्रजीत विचारतात, प्रसाद आहे का?

आणि मला वाट दिसते. मी त्यांना इंग्रजीत सांगते: शपथ आहे. पुन्हा बोर मारणार नाही असं म्हणून हळद उचलायची. शब्द कंपनीचा आहे, तेव्हा तुम्ही उचला.

ते नाही म्हणतील. म्हणावंच लागेल. मग माझा प्रश्न उरणार नाही.

साहेब उठतात. बाही वर करतात. मूठभर भंडारा उचलतात, वर धरतात आणि इंग्रजीत, सुरेख आवाजात म्हणतात, पुन्हा बोर नाही. एक पोरगेला माणूस मोबाइलवर फोटो काढतो. साहेब त्याच्याकडं बघून हसतात. मग हात झटकतात. हळद त्यांच्या बुटांवर पडते. ते बसून पुन्हा बाटली उचलतात.

"बरं झालं," मी म्हणते. "झालं."

"त्येंचं झालं," अंकुशराव म्हणतात. "त्येंला काय, त्येंचा द्येव येगळा. आमाला कुठं कळलं त्ये काय बोलले? आमी तुझं ऐकलंय, मंजू. आता तू उचल."

ताट अजून तिथंच.

मी ताटाकडं बघते. हळदीत साहेबांच्या बोटांचा खड्डा पडलाय. बेलाचं पान तिरकं झालंय.

उचलावं तर.

न उचलावं तर तेच सांगून टाकणं झालं.

पंखा फिरतो. उंबऱ्यावर राजूबाई. तिच्या मागं ऊन, गाडी, ड्रायव्हर डुलकी घेत. गाडीला बारा पावलं नसतील.

"मंजे," राजूबाई म्हणते, "हात जड झाला का?"

मी हात पुढं करते. हळदीवर आणते. तिथं तो थांबतो. मी थांबवलेला नाही. बोटं मिटायला सांगते, मिटत नाहीत. सगळे माझ्या हाताकडं बघायलेत. बोलताना माझ्याकडं कधी कुणी इतकं लक्ष देऊन बघितलं नव्हतं.

"कामून थांबलीस?" अंकुशराव हळूच विचारतात. मग त्यांचा आवाज बदलतो. "कोणतं रान?"

मी ताटाकडंच बघते.

"मंजू. कोणतं रान?"

साहेबांना माझा चेहरा दिसतो. बाटली खाली ठेवून ते उठतात आणि इंग्रजीत म्हणतात, काय झालं, काय विचारतायत?

माझं काम मी करते. कोणतं रान, असं विचारतायत, मी सांगते.

साहेब लाल होतात. आणि त्यांची इंग्रजी जाते. धाब्यावरच्या हिंदीत, भर सभेत, ते माझ्यावर ओरडतात:

"दूसरे बोर का इनको किसने बताया?"

समाजमंदिरात हिंदी न कळणारं एक माणूस नाही. निजामाच्या काळापासून नाही.

साहेब एकेका तोंडाकडं बघतात. मग पडद्याकडं. मग खाली, आपल्या पिवळ्या हाताकडं.

साहेब दाराकडं निघतात. राजूबाई हलत नाही. ते तिच्याजवळ उभे राहतात, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, आणि परत येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतात.

अंकुशराव ताट माझ्या पुढून काढत नाहीत. फक्त पडद्याकडं बोट करतात.

"ती सोडलेली वाच."

मी वाचते. "दुसरा बोर. गावआडाच्या पूर्वेला."

अंकुशराव मान हलवतात, हळू, जणू पत्ता बरोबर निघाला. माझा हात अजून हळदीवर आहे. आता उचलला तरी चालेल, आता खरं तेच बोलले आहे. पण तो मागं घेता येत नाही, पुढं नेता येत नाही.

मागून चनमल्लप्पांचा आवाज येतो.

"आता कन्नडातबी सांग, अव्वा. सगळ्यांस्नी कळू दे."