तेजराम बत्तीवाल्याची नादारी

"इजव त्या बत्त्या, तेजराम! दिवसाढवळ्या काय तमाशा लावला बे?"

मधुकरराव आडते घसा ताणून ओरडत होते आणि तुमसरच्या बाजारात, भर दुपारी बारा वाजता, एकवीस गॅसबत्त्या सूं सूं करत जळत होत्या. साल सत्त्याहत्तर, महिना माघाचा. उजेड असा पडला होता की पिंपळावरची वटवाघळं दोनदा घरी जाऊन परत आली आणि वैनगंगेच्या पलीकडच्या गावात कोंबडे आरवले. कोंबड्यांची हमी मी देत नाही, ते ऐकीव आहे. वटवाघळं मात्र मी स्वतः मोजली.

बत्त्यांच्या मधोमध, दुकानाच्या पायरीवर, तेजराम मांडी घालून बसला होता. वीस वर्षं हा माणूस बत्त्या भाड्यानं देत होता. लग्न असो, मंडईची जत्रा असो, दंडारीचा खेळ असो, तेजरामची बत्ती टांगल्याशिवाय कुणाला नवरी दिसत नव्हती. चौऱ्याहत्तरात त्यानं मधुकररावांकडून चार हजार काढून चौदा नव्या बत्त्या घेतल्या. अक्कल बघा! इकडे बत्त्या आल्या आणि तिकडे गावोगाव विजेचे खांब आले. एका गावात खांब रोवला की तेजरामचं एक गिऱ्हाईक गाव मेलं. तीन वर्षांत सगळी मेली.

त्याच्या आज्यानं त्याला लहानपणी सांगून ठेवलं होतं, की ज्याला देणी झेपत नाहीत त्यानं दिवसा दुकानात दिवा लावून बसावं. लोक येतात, असेल ते वाटून घेतात आणि माणूस मोकळा होतो. आज्याकडे एक दिवा होता. नातवाकडे एकवीस बत्त्या होत्या, त्यानं कंजुषी केली नाही.

"घ्या ना बाप्पा," तेजराम म्हणाला, "दुकान हाये, बत्त्या हायेत. वाटून घ्या. माह्यापाशी दुसरं काई नाई."

"दिवाळं असं निघते का? ते कोर्टात निघते, लेका! तुले दिवाणी तुरुंगात नाई बसवलं तर नाव सांगणार नाई."

तेवढ्यात समोरून पार्वताबाई चालली होती. ही राइस मिलमध्ये तांदूळ पाखडायची. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, गावाकडे एक एकराचं धानाचं शेत होतं आणि घरात लग्नाची पोरगी होती, तुळसा. तुळसाच्या लग्नासाठी साठवलेले आठशे रुपये तिनं तेजरामला नडीला दिले होते. कागद नाही, व्याज नाही.

तेजरामनं तिला हाक मारली. कमरेचा बटवा सोडला. आदल्या दिवशी सायकल आणि बायकोची चांदीची कडी विकून आणलेले आठशे रुपये त्यानं सगळ्या बाजारादेखत तिच्या हातावर ठेवले.

"मोज, पार्वताबाई."

"आता? एवढ्या लोकाइत?"

"लोकाइतच मोज."

तिनं मोजले, पदराला गाठ मारली आणि निघून गेली. मधुकररावांनी ओरडणं थांबवलं. ते नुसते बघत राहिले. त्या दिवशीचा सगळा उजेड त्यांच्याच कामी आला.

दोन महिने मधुकररावांनी तेजरामला जगू दिलं नाही. सकाळी दारात शिव्या, संध्याकाळी दारात शिव्या. तुरुंगाच्या भीतीनं तेजराम बायकोला, रुखमिणीला, घेऊन एसटीनं भंडाऱ्याला घनश्याम वकिलाकडे गेला. हा वकील असा होता की अशिलाला बसायला सांगायचे सुद्धा पैसे लावील. म्हणून दोघं उभेच राहिले.

"नादारीचा अर्ज टाकू," वकील म्हणाला. "आहे ते सगळं रिसीव्हरच्या ताब्यात जाईल. तो विकेल, सावकारांना वाटेल. तुरुंग टळेल."

"सगळं म्हंजे?" रुखमिणीनं विचारलं. "माह्या चुलीवरची गंजी बी?"

"भांडी, अंथरूण, अंगावरचे कपडे आणि धंद्याची अवजारं सोडून."

"मंग बत्त्या राह्यल्या ना आमच्या."

"बत्त्या अवजार नाही, बाई. भाड्याचा माल आहे. पाना अवजार आहे."

"आनि कर्ज पुरं फिटलं का?" तेजरामनं विचारलं.

"कोर्ट मोकळीक देईल तेव्हा. वर्ष लागेल, दोन लागतील. तोवर कमाई झाली की रिसीव्हरला दाखवायची. नादार असताना पन्नास रुपयांची उधारी घ्यायची झाली तरी समोरच्याला आधी सांगायचं, की मी नादार आहे. निवडणुकीला उभं राहता येणार नाही."

"राजा होनार होता तो," रुखमिणी म्हणाली, "तेवढं राह्यलं."

वकिलानं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि पेन उघडलं. "मागच्या तीन महिन्यांत कोणाला काही दिलंस?"

"कोनाचं देनं हाये तेच सांगू ना, साहेब? जे देल्लं ते तर फिटलं."

या एका वाक्यात तेजरामनं आपल्या हातानं खड्डा खणला. वकिलानं त्याचा अर्थ 'काही नाही' असा लावला, कारण अर्थ लावायचे वेगळे पैसे ठरले नव्हते. बत्त्यांच्या दिवसापासून अर्जाच्या दिवसापर्यंत सत्तर दिवस झाले होते. अर्जाच्या आधी तीन महिन्यांच्या आत कुणा एकालाच दिलेलं कोर्ट परत ओढू शकतं. आणखी वीस दिवस हा प्राणी घरात कडी लावून बसला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण वीस दिवसांचं महत्त्व त्याला कोणी सांगितलं नाही आणि कोणाला विचारावं हेही त्याला माहीत नव्हतं.

रिसीव्हर आला. त्यानं एकवीस बत्त्या, दोन पेट्या, एक घडी मोडलेली खुर्ची आणि मातीच्या तेलाचा अर्धा डबा असं सगळं लिहून नेलं. पाना मागे ठेवला. कायदा दयाळू असतो.

मग मधुकररावांनी कोर्टात अर्ज दिला, की दिवाळखोरानं अर्जाच्या आधी एका बाईला आठशे रुपये चारले, आमच्या वाट्याचे. ते परत घ्या. साक्षीला त्यांनी बाजारातले सात जण उभे केले. सातही जणांनी नोटांचे आकडे सुद्धा सांगितले असते, इतका लख्ख उजेड होता. नोटीस पार्वताबाईच्या घरी गेली. तोवर तुळसाची सोयरीक ठरली होती, पुढच्या वैशाखाची तारीख निघाली होती आणि आठशे रुपये पोस्टात होते.

सुनावणीच्या दिवशी वकिलानं तेजरामला व्हरांड्यात भिंतीशी गाठलं.

"नीट ऐक. पैसे तू स्वतःच्या मर्जीनं दिले म्हणालास, तर तो बाकीच्या सावकारांवर अन्याय ठरेल आणि बाईकडून परत जातील. तिनं तगादा लावला, धमकी दिली, म्हणून घाबरून दिले म्हणालास, तर बहुतेक तिच्याकडे राहतील. समजलं? ती रोज दारात येऊन बसायची, असं सांग."

मीही तिथं होतो. मी म्हटलं, "इळा घेऊन येत होती, असं जोड." इतक्या चांगल्या मालाचा मी एक पैसा घेतला नाही. तेजरामनं माझ्याकडे असं पाहिलं जणू मीच मधुकरराव.

"तिच्या हाती इळा?" तो म्हणाला.

"तिचं भलं हाये रे त्यात!"

कठड्यात त्याला शपथ दिली. न्यायाधीश साहेबांनी विचारलं, "पार्वताबाईने पैशांसाठी तुमच्यावर दबाव आणला होता का?"

तेजरामनं मागे पाहिलं. अर्धं तुमसर दाटीवाटीनं बसलं होतं. शेवटच्या बाकावर डोईवर पदर घेऊन पार्वताबाई आणि तिच्याजवळ तुळसा. तुळसाचा होणारा सासरा सुद्धा आला होता, दाराशी उभा होता. घनश्याम वकील डोळ्यांनी खुणा करून करून दमला.

"नाई साहेब," तेजराम म्हणाला. "त्या बाईनं माह्या दारात पाय ठेवला नाई. हे मधुकरराव रोज येत, माय-बहिनीवरून बोलत. तिनं तीन वर्षांत एक डाव मांगतले नाईत. म्हनून तिचे पयले देल्ले."

"म्हणजे स्वखुशीने?"

"खुशीनंच, साहेब. सोळा आने खुशीनं."

हे सांगताना त्याची मान ताठ होती. आपण भरल्या कोर्टात एका बाईची इज्जत राखली, असं त्या गाढवाला वाटत होतं. न्यायाधीश साहेबांनी ते शब्द न शब्द लिहून घेतले. मधुकरराव हसले सुद्धा नाहीत. गरजच नव्हती.

आठ दिवसांनी हुकूम झाला. आठशे रुपये रिसीव्हरकडे जमा करावेत. बाईला आपला हिस्सा हवा असेल तर तिनं बाकीच्या सावकारांबरोबर रांगेत उभं राहावं.

पार्वताबाईनं त्याला कोर्टाच्या पायरीवरच धरलं. खरोखर धरलं, सदऱ्याच्या गळ्याला.

"काहून नाई बोल्ला, का म्या तुहा गळा धरला होता म्हनून?"

"तुह्यावर नाव आलं असतं, पार्वताबाई. पोरीचा सासरा उभा होता. बाई भांडखोर हाये म्हनला असता."

"म्हनला असता! लगन तर झालं असतं! तुह्या तोंडची तारीफ घेऊन पोरीच्या आंदनात देऊ का? मले चांगली म्हनाले कोनं सांगतलं होतं तुले?"

"माही चूक..."

"तुह्या तोंडात माती पडो. पुन्हा माही वाट नको धरू."

सासऱ्यानं महिनाभरात निरोप पाठवला, की आमचं पोरगं यंदा लग्न करत नाही. यंदाच केलं, दुसरीकडे. रिसीव्हरचा हिशोब लागला तेव्हा रुपयामागे अकरा पैसे निघाले. पार्वताबाईच्या आठशेचे अठ्ठ्याऐंशी रुपये झाले. बाकीचे कुठं गेले ते रिसीव्हरच्या फीला, वकिलांच्या फीला आणि मधुकररावांना विचारा. मधुकररावांनी त्याच सालात घराला दुसरा मजला चढवला. तो एका बाजूनं कललेला आहे असं मी गावभर सांगत असतो. आहे का नाही ते जाऊन बघा.

तेजराम राइस मिलमध्ये पोती वाहू लागला. पहिल्या पगाराचे दहा रुपये घेऊन पार्वताबाईकडे गेला. तिनं ती नोट अंगणात फेकली.

"हे बी रिसीव्हर येऊन घेऊन जाईन. मंग मले कोर्टात नेशीन. ने तुहे पैसे!"

तो नोट उचलून परत आला. मग आषाढात, तिच्या शेतात रोवणा लागला त्या सकाळी, धोतर वर खोचून तो तिच्या बांधीत, धानाच्या चिखलात, उतरला.

आमच्याकडे धान रोवणं हे बायांचं काम. माणूस चिखल करील, पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्या वाहून देईल, पण वाकून रोवणार नाही. रोवणाऱ्या बायांतली कुंताबाई म्हणाली, "आली का वं नवी बाई? हिची मजुरी कोन देनार?" बाया चिखलात बसेस्तोवर हसल्या. तेजराम हसला नाही. त्यानं पेंढी सोडली, ओळीच्या टोकाला उभा राहिला आणि रोवू लागला. मजुरी घेतली नाही. हात रिसीव्हरला जमा करता येत नाहीत, एवढं त्याला आता कळलं होतं.

पार्वताबाई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी होती. तिनं ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. दुपारी बायांना भाकर वाढली, त्याला वाढली नाही. तो दुसऱ्या धुऱ्यावर बसून आपली आणलेली भाकर खाऊन आला आणि पुन्हा उतरला. असे चार दिवस गेले. पुढच्या वर्षी चार, त्याच्या पुढच्या वर्षी चार.

चौथ्या वर्षी कधीतरी ती त्याच्याशी बोलली. दुपार कलली होती. बाया पुढे सरकल्या होत्या. पार्वताबाई धुऱ्यावरून त्याच्या मागे मागे आली, त्यानं लावलेला तुकडा तिनं नीट पाहिला.

"पातळ लावलं हाये," ती म्हणाली. "एवढ्यात पोट भरते का? पुन्हा लाव."

तेजरामनं मान वर केली नाही. पेंढी काखेत मारली, मागे चालत पार धुऱ्यापर्यंत गेला आणि पहिल्या रोपापासून पुन्हा सुरुवात केली.