बूरलची खोड

बूरलला माणसाळवलं डेलगरने आणि बिघडवलंही तिनेच, असं तिचे बाबा म्हणायचे. तळावरच्या सगळ्या रेनडिअरना मीठ मिळायचं ते संध्याकाळी, रांगेत. बूरलला मात्र येता-जाता मिळायचं, तेही डेलगरच्या तळहातावरून. लाडाने पोर बिघडतं, मग करड्या केसांची मादी बिघडली तर नवल काय? पण तिची खरी खोड वेगळीच होती. तळ हलला की बाकीची जनावरं नव्या जागेला लगेच रुळायची. ही बया मात्र दोरी सुटली रे सुटली की जुन्या तळाकडे चालू लागायची, आणि चार शहाणीसुरती जनावरं मुकाट तिच्यामागे निघायची. त्यापायी या शरदात दोन पाडसं लांडग्यांच्या तोंडी गेली होती.

त्या सकाळी बाबांनी, म्हणजे गोंबोने, खारट चहा ढवळता ढवळता निकाल सांगून टाकला. "बर्फ नीट बसला की बूरलला कापायचं."

डेलगरचा घास हातातच राहिला. "का म्हणून?"

"दोन वर्षं व्याली नाही, वर कळप फोडते. खायला काळ आणि भुईला भार."

"तिला जागेची सवय लागते हो, बाबा. जरा वेळ द्या."

"वेळ दिला. तिने दोन पाडसं दिली. लांडग्यांना."

डेलगरने आजोबांकडे पाहिलं. म्हातारा एरवी तिची बाजू घ्यायचा, पण आज नुसती चिलीम ओढत बसला होता. बारा वर्षांची पोरगी आणि जीभ तिखट. तिने स्वतःच पैज मांडली. "खिंडीपलीकडे आपली तीन जनावरं चुकलीत ना? मी बूरलला घेऊन जाते आणि हुडकून आणते. ती एकदाही जुन्या तळाकडे वळली नाही, तर तिला कापायचं नाही."

"आणि वळली तर?"

"तर तुम्ही म्हणाल तसं."

गोंबो हसला. "शब्द दिलास हं. मग रडत यायचं नाही."

निघताना धाकटी नारा आडवी आली. सहा वर्षांचं बारकं पोर, पण हट्ट मोठा. मी येणार, म्हणजे येणार. आई म्हणाली, "ने गं तिला, मला तेवढीच शांतता." डेलगरने खोगीर नेहमीसारखं पार पुढे, खांद्यांवर बांधलं, कारण रेनडिअरच्या पाठीत बळ नसतं, खांद्यात असतं. त्यावर नाराला बसवलं, पट्ट्याला मिठाची पिशवी अडकवली आणि दोरी धरून चालू लागली.

खिंड ओलांडेपर्यंत बूरल अगदी गुणी होती. पलीकडच्या दरीत उतरल्यावर तिने एकदा डावीकडे मान वळवली. तिकडे, दरीच्या खालच्या अंगाला, जुना तळ होता. डेलगरने दोरीला हिसका दिला. "सरळ चल. तुझ्याच जिवाची गोष्ट आहे." बूरलने फुरफुर केलं आणि सरळ चालली.

चुकलेली जनावरं काही दिसली नाहीत. दुपार कलली, तसं आभाळ खाली आलं आणि भुरभुर बर्फ सुरू झाला. परतायला हवं होतं. ओढ्याकाठी नारा म्हणाली, "ताई, तहान लागली." डेलगरने तिला उतरवलं आणि स्वतः खोगिराचा पट्टा आवळायला वळली. तेवढंच. ओढ्यावरची बर्फाची पापडी फुटल्याचा आवाज आला आणि नारा छातीपर्यंत पाण्यात.

डेलगरने तिला कॉलर धरून ओढून काढलं. ओले बूट फेकले, ओला अंगरखा काढला, आपला कोरडा तिच्यावर चढवला. पण आतले कपडे तर भिजलेलेच, आणि वर वारा सुटलेला. नाराचे दात कडाकडा वाजत होते. वाजताहेत तोवर ठीक, हे डेलगरला माहीत होतं. थांबले की घात. लवकर विस्तव मिळाला नाही, तर ही पोर हातची जाणार होती. इथे दरीत होता फक्त ओला पाला आणि पांढरं दगडफूल.

घर खिंडीपलीकडे. तिने नाराला खोगिराला बांधलं आणि चढाची वाट धरली.

बूरल हलेना.

डेलगरने ओढलं. बूरलने मान डावीकडे टाकली, चार पाय रोवले. पुन्हा ओढलं, पुन्हा तेच. डेलगरने रागाने तिच्या मानेवर काठी हाणली. आजवर तिने या जनावरावर हात उचलला नव्हता. "चल ना गं मेले. ती गारठतेय, तुला दिसत नाही का?" बूरल दोन पावलं चढली आणि परत डावीकडे वळली. आता बर्फ एवढा दाट झाला की खिंड कुठली आणि आभाळ कुठलं, काही कळेना. डेलगरची वाट केव्हाच चुकली होती, फक्त तिने ते अजून स्वतःशी कबूल केलं नव्हतं.

"ताई," नारा हळूच म्हणाली, "आता थंडी नाही वाजत."

दात वाजायचे थांबले होते.

तेव्हा तिला जुना तळ आठवला. त्यांच्या लोकांत तळ हलवताना राहुटीचं कापड तेवढं सोबत नेतात, काठ्या तिथेच उभ्या ठेवतात. आणि उठताना चुलीपाशी कोरडं सरपण, भूर्जाची साल ठेवून जायचं, मागून येईल त्याच्यासाठी. तळ उठताना आईने डेलगरला तेच काम लावलं होतं, आणि ती केवढी कुरकुरली होती. आपलं घर खिंडीपलीकडे, जुना तळ याच दरीत. पण तिथे गेलं म्हणजे बूरल वळली. पैज हरली. बर्फ बसला की सुरी.

विचार करायला फार वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर विचार करण्यासारखं काही नव्हतंही. बूरल तिची होती, पण नारा तिची बहीण होती. तरी हात सुटेना. दोरी धरली की जनावर दर पावलाला अडत होतं. सोडली तर ते नाराला घेऊन कुठे उधळेल याचा भरवसा काय? तिने बूरलच्या ओल्या नाकावर कपाळ टेकलं. "जा," ती म्हणाली. "तुझ्या मनासारखं जा. पण हिला पाडू नकोस." आणि दोरी सोडली.

बूरल निघाली ती झपाझप. दहा पावलांवर दिसेनाशी झाली. उरली फक्त तिच्या खुरांच्या सांध्यांची टिकटिक. रेनडिअर चालताना ती वाजतेच. डेलगर त्या आवाजामागे धावली. पडली, उठली. श्वास रोखून ऐकायचं, धावायचं, पुन्हा ऐकायचं. वारा वाढला की आवाज बुडायचा. एकदा तर किती तरी वेळ काहीच ऐकू आलं नाही. "नारा," तिने हाक मारली. उत्तर नाही. मग डावीकडून बारीकशी टिकटिक आली आणि ती रडतच तिकडे पळाली.

मग टिकटिक थांबली ती थांबलीच.

डेलगर हात पुढे करून चालत राहिली आणि कशावर तरी आपटली. राहुटीची काठी होती. तिच्या पलीकडे बूरल खुराने बर्फ उकरत होती आणि जुनी खारट माती चाटत होती. उन्हाळाभर जिथे मीठ सांडलं, तीच जागा. नारा तिच्या मानेवर पालथी पडलेली, पण बांधलेली, जागच्या जागी.

सरपण होतं. भूर्जाची साल होती. डेलगरच्या बोटांत जीव नव्हता, कमरेच्या आगपेटीतल्या तीन काड्या वाया गेल्या, चौथी लागली. खोगिराखालचं घोंगडं नाराला गुंडाळलं, विस्तवापाशी तिला निजवलं, आणि दुसऱ्या अंगाला बूरलला बसवलं. बसते का नाही, ही शंका होती. बूरल बसली, मोठा उसासा टाकून. बऱ्याच वेळाने नाराचे दात पुन्हा वाजू लागले. तो आवाज ऐकून डेलगरला इतकं बरं वाटलं की तिला हसूच आलं.

बर्फ विरळ झाला तेव्हा अजून उजेड होता. बाबा आणि आजोबा रेनडिअरवरून थेट तिथेच आले. आजोबांनीच सांगितलं होतं म्हणे, बूरल दुसरीकडे कुठे जाणार. गोंबोने नाराला उचलून छातीशी धरलं. मग त्याने बूरलकडे पाहिलं.

डेलगर आधीच म्हणाली, "वळली, बाबा. मीच वळू दिलं. शब्द मोडत नाही मी."

"गप्प बस," गोंबो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "अण्णा, तुम्हीच बोला."

आजोबांनी अंगरख्यातून कापडाच्या रंगीत पट्ट्या काढल्या. त्या पाहताच डेलगरला उमगलं. "हिला देवाला सोडू," म्हातारा म्हणाला. "एकदा पट्टी बांधली की हिला सुरी नाही. पण मग दोरीही नाही, पोरी. खोगीरही नाही. तुझा हक्कही नाही. जाईल तिथे जाईल, तू बोलवायचं नाहीस. आज अजून जनावर तुझं आहे. बांधू का?"

डेलगरला वाटलं होतं, पैज जिंकली की बूरल आपलीच राहील. तिने नाक पुसलं, वाकली आणि खोगिराचा पट्टा स्वतःच सोडला. "बांधा."

पट्ट्या बांधून झाल्या. बूरलने सवयीने तिच्या तळहातात तोंड घातलं. हात रिकामा होता. डेलगरने मिठाची पिशवी उघडली आणि सगळं मीठ जुन्या चुलीशेजारी, मातीवर ओतलं.

"अगं, आता तर ही कायमचीच इथे येत राहील," गोंबो म्हणाला.

"येऊ दे."

ती आजोबांच्या रेनडिअरला लागून पायी निघाली. मागे वळून पाहायचं नाही, असं तिने ठरवलं होतं, आणि पाहिलंही नाही. पण कान सगळे मागे होते. मागे फक्त माती चाटल्याचा आवाज होता, मग तोही राहिला नाही. अर्धा चढ झाला तरी वाऱ्याशिवाय काही नव्हतं.

खिंड आली तेव्हा कुठे तिला मागून टिकटिक ऐकू आली. सावकाश, मधे थांबत, कुणी ओढत नसल्यासारखी. आजोबांनी वरून वाकून तिच्या खांद्यावर हात ठेवला. डेलगर मान न वळवता चालत राहिली आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत राहिलं.