न आलेलं रीळ

रीळ एक.

नव्व्याण्णव साली अख्खं बेंगळुरू ज्या इंग्रजी सिनेमामागे वेडं झालं होतं, तो शंतनुने रविवारी दुपारी मल्लेश्वरमच्या थिएटरात एकट्याने पाहिला. एका अंतराळयानाचा कप्तान. शत्रूने त्याची बायको पळवलेली. म्हातारा गुरू त्याला ताओ हे चिनी तत्त्वज्ञान शिकवतो: पाणी भांडत नाही, तरी वाट काढतं; काही न करताच सगळं होतं. शत्रू दाराशी आला. कप्तान खाली बसला, डोळे मिटले. पुढच्याच दृश्यात बायको शेजारी उभी, हसत!

शंतनुच्या अंगावर सर्रकन काटा आला.

रीळ दोन.

घरी सिद्धी उत्तराची वाट बघत होती. तिला पुण्यात नोकरी लागली होती, आणि इथे नवरा दिवसरात्र कंपनीतल्या संगणकांना दोन हजार साल ओळखायला शिकवत बसलेला.

"एकदा राहा म्हण, शंतनु. मी राहते."

"जे व्हायचं ते होऊ दे," तो शांतपणे हसला. "पाण्याला वाहू द्यावं."

"मी पाणी आहे?"

मंगळवारी दुपारी तिने बॅग भरली. तो खुर्चीत बसला, डोळे मिटले. फाटक वाजलं. रिक्षा गेली. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले. शेजारी कुणी नव्हतं.

रीळ तीन.

(आलेलं नाही. पुढचं लावतो.)

रीळ चार.

संध्याकाळी गुंडो आला. ऑफिसातला मित्र, निपाणीचा, आवाज चौकापर्यंत जाणारा.

"वहिनी गेल्या? आणि तू बसलास?"

"सिनेमातला कप्तान नव्हता बसला?"

"बसला की! दम खायला! मग उठून जो पळालाय लेका, आगीतनं, वीस मिनिटं! बायकोला खांद्यावर टाकून आणली!"

"असं काही नव्हतंच."

"कुठं बघितलास?"

"इथेच, मल्लेश्वरमला. रविवारी."

गुंडोने कपाळावर हात मारला. "प्रिंट एक, थेटरं दोन. मी मॅजेस्टिकला होतो. आमचं रीळ संपलं की स्कूटरवरनं तुमच्याकडं. रविवारी स्कूटर मिरवणुकीत अडकली म्हणे, तुमच्या माणसानं ते सोडून पुढचं लावलं. पब्लिकनं शिट्ट्या मारल्या नाहीत?"

"मारल्या," शंतनु म्हणाला. "मला वाटलं, खूश होऊन."

रीळ तीन, उशिरा पोचलेलं.

पुण्याची गाडी अजून सुटायची होती. गुंडोच्या मोटरसायकलवरून स्टेशन. जिना. डबे. एक, अजून एक, आणि खिडकीशी सिद्धी. तो आत चढला.

"राहा," तो धापा टाकत म्हणाला. "सिद्धी, राहा."

तिचे डोळे भरून आले. ती बॅग ओढू लागली, मग थांबली. "दुपारी का नाही म्हणालास?"

खोटं बोलायला त्याला सुचलंच नाही. रीळ, स्कूटर, मिरवणूक, आगीतला कप्तान, त्याने सगळं सांगून टाकलं. समोरचे आजोबा पेपर खाली करून ऐकत राहिले.

सिद्धीचा आवाज अगदी खाली आला.

"म्हणजे आत्ता आलास, तेही सिनेमात आहे म्हणून?"

शंतनुला नाही म्हणायचं होतं. पण ते खरं आहे का, हेच त्याला कळेना.

सिद्धीने बॅग परत सीटखाली सरकवली.

"उतर," ती म्हणाली. "गाडी हलली."