नादकाट्याची खोटी साक्ष

मी एक नादकाटा. दोन पोलादी बोटं आणि खाली एक दांडी, एवढंच माझं अंग. गुडघ्यावर आपटलं की मी एकच सूर देतो. दुसरा मला येत नाही.

जन्मलो कारखान्यात, पण वाढलो फिनलंडमधल्या तुर्कू शहरात, टाउनो रेकोलाच्या कोटाच्या खिशात. त्याने बारा माणसं जमवून गायकवृंद काढला तेव्हापासून मी त्याच्याजवळ आहे. चर्चमागच्या खोलीत सराव चाले. वाद्य कुठलंच नाही, नुसते गळे. म्हणून पहिला सूर माझ्याकडून घ्यायचे. टाउनो मला कानाला लावून हलकेच गुणगुणायचा आणि बाराही जण श्वास रोखून त्याच्या तोंडाकडे बघायचे. मला फार अभिमान वाटायचा.

त्या बारांत रायली होती. दिवसा ती शिवणाच्या दुकानात बसायची. तिचा कान विलक्षण होता. एकदा टाउनो मला घरी विसरला, तेव्हा अख्खा कार्यक्रम तिने दिलेल्या सुरावर झाला. नंतर माझ्याशी ताडून पाहिलं, तर केसाचाही फरक नव्हता.

दहा वर्षांनी वृंद पगारी झाला. सोळा गायक, दरवर्षी नवा करार. रायलीने दुकान सोडलं. लग्न केलंच नव्हतं. "आता हेच माझं घर," असं ती म्हणायची.

पगाराबरोबर एक रीतही आली. वाद्याशिवाय गाताना सूर नकळत खाली घसरतो. म्हणून प्रत्येक गाणं संपलं की टाउनो मला वाजवून बघायचा. जुळलं तर कॉफी. नाही जुळलं तर एकेकाला सर्वांसमोर एकट्याने गावं लागे. घसरणारा सापडला की बाकीचे पंधरा हसत. दुसऱ्याचं नाव निघालं की माणसांना किती पटकन हसू येतं!

एका हिवाळ्यात मी चर्चच्या दगडी पायरीवर पडलो. बोटांची टोकं खरवडली, कानाला टोचू लागली. टाउनोने कानस घेऊन ती घासघासून गुळगुळीत केली. घासलेलं पोलाद हलकं होतं आणि हलकं बोट जास्त भराभर थरथरतं. माझा सूर किंचित वर चढला. मला कळलं, पण सांगणार कसं?

दुसऱ्याच दिवशी रायली म्हणाली, "टाउनो, काटा चढलाय."

"पोलाद चुकलं आणि तुझा एकावन्न वर्षांचा कान बरोबर?"

सगळे हसले. रायलीही हसली.

त्यानंतर तिने माझ्या सुरात गायचा जीव तोडून प्रयत्न केला. पण गाता गाता तिचा गळा खऱ्या सुरावर परत यायचा. गाणं संपलं की मी वाजायचो आणि ती खाली सापडायची. रोज.

"काय रायली, तळघरात जायचं होतं तर आधी सांगायचंस," योर्मा नावाचा जाड्या गायक म्हणायचा. "आम्ही कोट घालून आलो असतो!"

वसंतात करारांची वेळ आली. रायली एकटी गायली. टाउनोने मला वाजवलं.

"बघ, मी काहीच म्हणत नाही," तो म्हणाला. "काटाच सांगतोय."

"दे इकडे."

तिने मला स्वतःच्या कानाला लावलं. बराच वेळ ती ऐकत राहिली.

"खरंच की," ती शेवटी म्हणाली. "मीच खाली आहे. वय झालं रे माझं."

तिच्या जागी चोवीस वर्षांची एक मुलगी आली.

शरद ऋतूत चर्चचा ऑर्गन सुरात लावायला म्हातारी एल्ना आली. तिने सहज मला उचललं, वाजवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय घेऊन फिरतोस रे? चांगलाच चढलाय हा. टोकं कुणी घासली? कुठल्या गाढवाने?"

"जुना आहे तो," टाउनो म्हणाला आणि त्याने मला खिशात टाकलं. त्याची छाती धडधडत होती. मला वाटलं, आता हा रायलीकडे जाणार. दोन पूल ओलांडले की तिचं घर. तो पुलापर्यंत गेलाही. मग वळला आणि दुकानातून नवा नादकाटा घेऊन आला.

नाताळच्या कार्यक्रमाला रायली तिकीट काढून आली. मागच्या बाकावर बसली. कार्यक्रम संपल्यावर ती टाउनोला भेटली. हुबेहूब माझ्यासारखा दिसणारा नवा काटा त्याच्या हातात होता, मी खिशात.

"आज सूर अगदी जागेवर होता," ती म्हणाली. "मी गेले आणि सगळं नीट झालं. म्हणजे मीच सगळ्यांना खाली ओढत होते. तुझ्यावर उगाच राग धरला होता, टाउनो. तो आज सोडला."

मी खिशातून मनातल्या मनात ओरडलो. आता तरी बोल, माणसा!

"घरी जपून जा," टाउनो म्हणाला. "बाहेर बर्फ आहे."

या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. रायली पुन्हा कधीच गायली नाही. मी टाउनोच्या टेबलाच्या खणात आहे. तो मला वाजवत नाही आणि फेकतही नाही.

कुणी हा खण उघडलाच, तर एवढं करा. मला रायलीकडे न्या आणि तिच्या कानाशी एकदा वाजवा. शेजारी एखादा खरा काटा वाजवा. बाकी काही सांगू नका, तिचं तिला कळेल.

पण लवकर न्या. परवा टाउनो फोनवर कुणाला तरी सांगत होता, रायलीला आता ऐकू येईनासं होत चाललंय.